आतून इन्सुलेशन केलं की वीट गारठते

जुन्या भरीव विटांच्या भिंतीला आतून इन्सुलेशन लावलं की खोली उबदार होते आणि वीट गारठते. वाक्याचा पहिला भाग सगळ्यांना हवा असतो. दुसऱ्याकडे काणाडोळा केला की तीन-चार हिवाळ्यांनी गिलाव्यामागून कुबट वास येऊ लागतो.

आकडे घेऊन पाहू. नऊ इंची म्हणजे २३० मिमीची भिंत, आतून साधा गिलावा. तिचं यू-मूल्य साधारण २.० असतं. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला की दर चौरस मीटरमधून दोन वॅट उष्णता निघून जाते. खोलीत २० अंश आणि बाहेर शून्य असेल, तर गिलाव्याचा आतला पृष्ठभाग १४.८ अंशांच्या आसपास राहतो. आता त्यावर ६० मिमीचा लाकडी तंतूंचा बोर्ड लावला. खोलीच्या बाजूचा पृष्ठभाग १८.६ वर जातो, भिंतीशी हात लावून बसता येतं. पण बोर्डामागचा जुना गिलावा १४.८ वरून थेट ३.८ अंशांवर येतो. २० अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ९.३ अंश. म्हणजे खोलीतली हवा त्या गार गिलाव्यापर्यंत पोचली की तिथं पाणी सुटणारच.

दुसरी गोष्ट बाहेरच्या बाजूची. पूर्वी घरातली ऊब भिंतीतून वाया जायची खरी, पण जाता जाता पावसात भिजलेली वीट वाळवूनही जायची. आता ती ऊब आतच अडते. वीट अधिक काळ ओली राहते, आणि जिथं पाणी गोठतं तिथं ओल्या विटेचे पापुद्रे सुटण्याचा धोका वाढतो.

म्हणून या कामात खरा प्रश्न "किती जाड लावू" हा नाही. भिंतीत पाणी कुठून येतं आणि ते परत कसं जाणार, हा आहे. बाहेरून इन्सुलेशन करणं शक्य असेल तर तेच करावं. वीट उबदार आणि कोरडी राहते आणि खाली येणारी निम्मी दुखणी उद्भवतच नाहीत. दर्शनी विटा झाकायच्या नसतील किंवा झाकायला परवानगी नसेल, तेव्हा आतल्या बाजूचा विचार करायचा.

आधी पाणी

ओल्या भिंतीवर इन्सुलेशन लावणं म्हणजे रोग आत ठेवून जखम शिवणं. सुरुवात बाहेरून करा. गळकी पन्हळ, तुटलेला पाइप, खिडकीच्या फळीखालची भेग, जोत्याच्या वर चढलेली माती किंवा फरशी. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिमी खाली हवी.

मग दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, तपासा. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या दरजा कोणी नंतर सिमेंटने भरल्या असतील तर त्या काढून चुन्यानेच भराव्यात. सिमेंट विटेपेक्षा घट्ट असतं. पाणी दरजेतून बाहेर पडण्याऐवजी विटेतून पडतं, आणि मग दरजा शाबूत राहून वीटच झडते. काढताना ग्राइंडर वापरू नका, विटेच्या कडा कापल्या जातात. छिन्नी-हातोडीने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढा.

बाहेरून पाणी न धरणारा पारदर्शक लेप मारण्याचा सल्ला हमखास मिळतो. भेगा आणि लोणा (पृष्ठभागावर फुटलेले क्षार) असलेल्या भिंतीवर तो मारू नये. पाणी भेगेतून आत जातंच, बाहेर येताना मात्र त्याला वाफ होऊनच यावं लागतं, आणि क्षार लेपामागे साठून विटेचा पृष्ठभाग उखडतात.

ओल मोजायला दोन टोकांचं मीटर सगळे वापरतात, पण क्षार असलेल्या भिंतीवर ते खोटं बोलतं, कारण ते विजेचा प्रवाह मोजतं आणि क्षारांमुळे तो वाढतो. खात्रीचा मार्ग वजनाचा. जमिनीपासून २०, ६० आणि १२० सेंमी उंचीवर, प्रत्येक ठिकाणी ५० ते १०० मिमी खोलीतून ड्रिलने विटेची भुकटी काढा. ड्रिल सावकाश चालवा, तापलं तर भुकटी तिथंच वाळते. लगेच वजन करा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. ओल खाली जास्त आणि वर कमी होत गेली तर ती जमिनीतून चढते आहे. मधेच एखाद्या उंचीवर जास्त असेल तर बाहेर त्याच उंचीवर काहीतरी गळतं आहे.

पाण्याचा स्रोत बंद केला म्हणून भिंत लगेच वाळत नाही. दर २५ मिमी जाडीला एक महिना हा जुना अंदाज अजून चालतो. नऊ इंची भिंतीला नऊ महिने. घराचं बाकीचं काम त्या काळात करा. घाई असेल तर आतला खराब गिलावा आधीच काढून ठेवा, वाळण्याला दोन्ही बाजू मिळतात.

जाडी: हाव नको

सामग्रीतून उष्णता किती सहज वाहते याचा आकडा म्हणजे लॅम्डा, जितका कमी तितका चांगला. त्याच भिंतीवर ०.०४२ लॅम्डाचा बोर्ड धरून हिशेब असा येतो: ४० मिमीला यू-मूल्य ०.६९, ६० मिमीला ०.५२, १०० मिमीला ०.३५, १५० मिमीला ०.२५. म्हणजे पहिल्या ४० मिमीतच भिंतीतून जाणारी उष्णता दोन-तृतीयांशाने घटते. ६० मिमीला ७४ टक्के वाचते, १०० मिमीला ८३. त्यापुढच्या ५० मिमीने आणखी फक्त पाच टक्के. दर मिलिमीटरबरोबर वीट अधिक गार, अधिक ओली आणि खोली अधिक अरुंद होत जाते. भरीव विटांना ४० ते ८० मिमी हा पट्टा मला शहाणपणाचा वाटतो. पावसाचा मारा थेट झेलणारी भिंत असेल तर त्यातही खालच्या टोकाला राहा.

कोणता बोर्ड

दोन विचारपद्धती आहेत. एक: वाफेला आत शिरूच द्यायचं नाही. दुसरी: थोडी शिरली तर शिरू दे, पण सामग्री अशी घ्यायची की ती ओल शोषून, पसरवून, परत खोलीत सोडेल. नव्या, कोरड्या, सरळ भिंतीवर पहिली चालते. जुन्या भिंतीत बाहेरूनही पाणी येत असतं. उन्हात तापलेली ओली वीट वाफ आतल्या दिशेनेही ढकलते, आणि आत प्लॅस्टिकचा कागद असेल तर भर उन्हाळ्यात त्याच्या मागे थेंब जमतात. शिवाय तो कागद शंभर टक्के हवाबंद कधीच होत नाही. म्हणून जुन्या विटांना दुसरी पद्धत.

त्यात लाकडी तंतूंचे बोर्ड सर्वांत सोयीचे, लॅम्डा ०.०४० ते ०.०४५, सुतारी करवतीने कापतात, गिलावा नीट धरतात. बूच, म्हणजे कॉर्कचे बोर्डही याच गुणांचे, पाण्याला अधिक चिवट. फरशीलगतच्या पहिल्या ओळीला ते लावावेत. कॅल्शियम सिलिकेटचा लॅम्डा ०.०६ ते ०.०७, म्हणजे ऊब राखण्यात मागे, पण पाणी टीपकागदासारखं शोषतो आणि क्षारधर्मी असल्याने बुरशी धरत नाही. बुरशीचा एखादा कोपरा सुधारायचा असेल तर ३० ते ५० मिमीचा हाच घ्या. तो फार चुरतो, कोपऱ्यांना सांभाळून हाताळा. हेम्प-चुना, म्हणजे हेम्पच्या काड्यांचे तुकडे आणि चुना यांचं मिश्रण, वेड्यावाकड्या भिंतीवर थेट थापता येतो, पण लॅम्डा ०.०७ ते ०.१०, आणि वाळायला कित्येक आठवडे.

फॉइल लावलेला पीआयआर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा फोम, या सगळ्यांपेक्षा पातळ जाडीत अधिक ऊब देतो, लॅम्डा ०.०२२. तरी जुन्या भरीव भिंतीवर मी तो सुचवणार नाही. त्यातही जिप्सम बोर्डाला चिकटवलेला फोम गोंदाचे गोळे ठेवून भिंतीला ठोकायची जी पद्धत आहे ती सर्वांत वाईट. गोळ्यांमध्ये पोकळी राहते, खोलीतली हवा कडेने तिच्यात फिरते, आणि ३.८ अंशांच्या गिलाव्यावर रोज थोडं थोडं पाणी ठेवून जाते. चौकट उभारून खनिज लोकर भरणंही शक्य आहे, पण मग भिंत आणि लोकर यांत फट नको. आतून पातळ पडदी हवी, आर्द्रतेप्रमाणे वाफ कमी-जास्त जाऊ देणारी, तिचा प्रत्येक सांधा टेपने बंद हवा, आणि तिच्या पुढे वायरींसाठी ४० ते ५० मिमीची वेगळी पोकळी हवी, म्हणजे स्विच बसवताना कोणी पडदीला भोक पाडणार नाही. इतकी शिस्त साइटवर टिकेल असं वाटत नसेल तर बोर्ड-गिलाव्याचाच मार्ग धरा.

लावण्याची रीत

वॉलपेपर, ऑइलपेंट, डिस्टेंपर, सगळं काढायचं. ते आत राहिलं तर बुरशीला अन्न आणि ओलीला अडसर. जिप्समचा गिलावा पूर्ण उतरवा, ओलीत तो मऊ पडतो. चुन्याचा जुना गिलावा वाजवून बघा. पोकळ वाजतो तेवढा काढा, घट्ट आहे तो राहू द्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. ओलं करून खरवडा आणि बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क वापरा.

मग चुन्याच्या गिलाव्याने भिंत सपाटीला आणा. दोन मीटरची सरळ पट्टी लावून ५ मिमीपेक्षा जास्त पोकळ दिसता कामा नये. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. बोर्डामागे एकही पोकळी राहू न देणं हे सगळं या सपाटीवर अवलंबून आहे. शिवाय हाच थर विटेतल्या बारीक फटींतून येणारा वारा थांबवतो. वाळायला दर मिलिमीटरला एक दिवस धरा. हवा पाच अंशांच्या खाली जाणार असेल तर चुन्याचं काम थांबवा.

चिकटवायला चुन्याचाच माल, १० मिमी दातांच्या थापीने बोर्डाच्या संपूर्ण पाठीवर. ठिपके नाहीत, कडेकडेने पट्टा नाही, पूर्ण पाठ. भिंत आधी हलकी ओली करा, नाहीतर ती मालातलं पाणी लगेच ओढून घेते. खालची ओळ फरशीपासून १० मिमी वर, पाचरींवर. फरशी पुसताना किंवा पाणी सांडल्यावर बोर्ड ते शोषू नये. ती फट नंतर कॉर्कच्या पट्टीने भरा. बोर्ड विटांच्या बांधणीसारखे सांधे चुकवून लावा. बोर्डाच्या कडांना माल लागू देऊ नका, कारण सांध्यातला माल म्हणजे उष्णतेची पळवाट. सांध्यात फट राहिलीच तर बोर्डाचीच चिपटी ठोका.

माल धरल्यावर छत्रीच्या आकाराचे प्लॅस्टिकचे खिळे, दर चौरस मीटरला सहा. लांबीचा हिशेब: बोर्ड ६०, गिलावा आणि माल मिळून २०, विटेत किमान ४०, म्हणजे १२० मिमी. भोक दरजेत नको, विटेत पाडा, आणि ड्रिलचा हातोडी-मोड बंद ठेवून. जुनी मऊ वीट ठोक्यांनी आतून फुटते आणि खिळा नुसता फिरत राहतो.

वरचा गिलावा दोन हातांत. पहिला ५ मिमी, तो ओला असतानाच फायबरची जाळी त्याच्या वरच्या तृतीयांशात दाबायची, सांध्यांवर १०० मिमी एकावर एक. खिडकीच्या चारही कोपऱ्यांना जाळीचे तिरके तुकडे आधी लावा. भेग पडलीच तर कोपऱ्यापासून ४५ अंशांत पडते. पहिला हात वाळला की ३ मिमीचा दुसरा. रंग सिलिकेटचा किंवा चुन्याचा. इथं प्लॅस्टिक पेंट किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर लावला तर वाफेचा परतीचा रस्ता बंद, आणि मागचा सगळा खटाटोप फुकट.

सामानाचा अंदाज यावा म्हणून ४ मीटर लांब, २.७ मीटर उंच भिंत घ्या, तीत १.२ बाय १.४ ची खिडकी. निव्वळ क्षेत्र ९.१ चौरस मीटर. बोर्ड नासधूस धरून १० चौरस मीटर, चिकटवायचा माल दर चौरस मीटरला ६ किलोने सुमारे ५५ किलो, खिळे ५५. वरच्या ८ मिमी गिलाव्याला दर चौरस मीटरला, दर मिलिमीटरमागे सव्वा ते दीड किलो कोरडा माल लागतो, म्हणजे शंभरेक किलो. जाळी ११ चौरस मीटर, कोपऱ्यांचे तुकडे आणि खिडकीच्या बगला वेगळ्या. सपाटीचा थर यात धरलेला नाही. तो भिंत किती वाकडी आहे त्यावर, आणि जुनी भिंत नेहमी दिसते त्यापेक्षा वाकडी निघते.

पळवाटा

मधली भिंत कोणीही चांगली करतो. काम बिघडतं ते कडांना.

खिडकीच्या बगला, म्हणजे चौकटीपासून भिंतीच्या आतल्या कडेपर्यंतचा भाग, तसाच सोडला तर तो पूर्वीपेक्षाही गार होतो, कारण आजूबाजूच्या विटेला मिळणारी ऊब बंद झालेली असते. खोलीची हवा २० अंश आणि ५० टक्के असताना पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली गेला की त्याच्या लगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. पाण्याचे थेंब दिसायची गरज नसते. बगलांमधला जुना गिलावा पूर्ण खरवडला की बहुधा २० मिमीची जागा निघते. तिथं २० ते ३० मिमीचा बोर्ड चौकटीपर्यंत न्या. चौकट आणि विटेमधली फट आधी टेपने बंद करा. वरचा लिंटेल आणि खालची फळी विसरू नका. फळी काढून तिच्याखाली बोर्ड घालायचा, वरून नुसता रंग नाही. खिडक्या बदलायच्याच असतील तर आधी त्या बदला, आणि चौकट जमेल तितकी आत घ्या.

खोल्यांमधल्या आडव्या भिंती बाहेरच्या भिंतीला जिथं मिळतात तिथून उष्णता सरळ वाहून जाते. त्या भिंतीवर ३०० ते ५०० मिमीपर्यंत निमुळता बोर्ड न्यावा. कोपरा फार गार पडत नसेल आणि आडवी भिंत पातळ असेल तर हा बोर्ड सोडता येतो; सांध्याचं तापमान थंडीच्या दिवशी मोजून ठरवा.

सर्वांत नाजूक जागा लाकडी मजल्याची. कड्यांची, म्हणजे मजला पेलणाऱ्या लाकडी तुळयांची, टोकं बाहेरच्या भिंतीत रुतलेली असतात. पूर्वी ती उबदार विटेत होती, आता गार विटेत. भिंतीलगतच्या दोन फळ्या उचला आणि प्रत्येक कडीच्या टोकात ओल मोजायच्या मीटरच्या लांब सुया ठोकून मोजा. लाकडात हे मीटर बरंच खरं बोलतं. ओल २० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. वर असेल तर आधी कारण शोधा. टोचा सहज आत शिरत असेल तर सुताराला आधी बोलवा, गवंड्याला नंतर. कड्यांच्या मधल्या पोकळीतही बोर्ड न्यावाच लागतो, नाहीतर खालच्या खोलीच्या छतापासून वरच्या फरशीपर्यंत एक फूटभर गार पट्टा उघडा राहतो. बोर्डापूर्वी तिथल्या विटांवर चुन्याचा हात फिरवा. कडीभोवतीची फट टेपने किंवा लवचीक पुट्टीने बंद करा, म्हणजे खोलीची दमट हवा टोकापर्यंत जाणार नाही. जुन्या लाकडाला उभ्या चिरा असतात आणि हवा त्यांतूनही जाते, म्हणून त्याही भरा. पावसाचा मारा खाणारी भिंत आणि ओली टोकं असा योग जुळला असेल, तर त्या भिंतीला इन्सुलेशन न करणं हाही एक चांगला निर्णय आहे.

नळाचे पाइप बोर्डामागे ठेवू नका. पूर्वी खोलीच्या उबेत असलेला पाइप आता गार बाजूला जातो आणि कडाक्यात गोठून फुटतो. वायरींचे दोन मुद्दे. इन्सुलेशनमध्ये अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लांब पूर्ण गाडलेल्या केबलची प्रवाह वाहण्याची क्षमता साधारण निम्मी धरतात, तेव्हा जाडी वायरमनकडून पुन्हा ठरवून घ्या. आणि पीव्हीसी केबल थर्मोकोलला टेकवू नका; केबलमधला मऊपणा देणारा घटक त्यात उतरतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. बाहेरच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड शक्यतो आतल्या भिंतीवर हलवा.

हवा आणि हवामान

फटी बुजवल्या की घर स्वतःहून श्वास घेणं थांबवतं. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरात बाहेर फेकणारा पंखा नसेल तर तो याच कामात बसवा. हिवाळ्यात आतली आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांत राहायला हवी, आणि ती मोजणारं छोटं मीटर भिंतीवर असावं.

हे सगळं हिवाळ्यात घर तापवणाऱ्या प्रदेशांसाठी. जिथं उन्हाळा मोठा आणि रात्री गार, तिथं जाड विटांची भिंत दिवसाची उष्णता पोटात घेते आणि खोली गार ठेवते. आतून इन्सुलेशन केलं की हा उपयोग संपतो, खोली दुपारी लवकर तापते. आणि दमट हवेत एसी चालणाऱ्या घरात वाफ बाहेरून आत येते. तिथं आतल्या बाजूला वाफ अडवणारा थर घालणं म्हणजे पाणी नेमकं एसीच्या गारव्याशी नेऊन ठेवणं.

जड कपाटं आणि बेसिन कुठं टांगायची हे बोर्ड लावण्यापूर्वीच ठरवा. त्या जागी बोर्डाच्या जाडीचा लाकडी ठोकळा विटेत पक्का करून त्याभोवती बोर्ड कापायचा, आणि त्याचं माप फोटोसह कागदावर ठेवायचं, कारण गिलाव्यानंतर तो सापडत नाही. जमिनीवर ठेवायची कपाटं या भिंतीपासून किमान ५० मिमी पुढे, खालून-वरून हवा खेळेल अशी. कपाट भिंतीला चिकटवलं तर त्याच्यामागे खोलीची ऊब पोचत नाही, आणि बुरशी पहिल्यांदा तिथंच दिसते.